परग्रहीचे रणगाडे आणि आमचे मालक

जिच्या हातांतील प्रत्येक आयुध लेकरांच्या रक्षणासाठी उचललेले आहे, हौसेसाठी एकही नाही, त्या जगदंबेला प्रथम वंदन. तळ्याच्या मध्यभागी शांत बसून या कोरड्या मुलखाला पाण्याचे मोल शिकवणाऱ्या ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वराला वंदन. आज आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. खालच्या बोळातून झेंडूचा आणि उदबत्तीचा वास माडीपर्यंत येतो आहे. रिक्षा, स्कूटर, टेम्पो धुऊन पुसून, कपाळी गंध लेऊन उभे आहेत, आणि एरवी दिवसभर खडखडणारे माग आज मुके आहेत. अशा दिवशी ज्यांची आठवण होणारच, ते आमचे घरमालक गेल्या उन्हाळ्यात निवर्तले. त्यांच्या मागून आलेली ही पहिली नवमी. सारी पेठ त्यांना नुसते ‘मालक’ म्हणत असे. मीही येथे तेवढेच म्हणतो.

मी पाठशाळेत शिकलो, पुढे एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो, आणि पत्नीच्या मागे एकटा उरल्यावर मालकांच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. खाली पुढच्या अंगाला त्यांचे टॉवेल विणणारे यंत्रमाग, मागच्या अंगाला कुटुंब. विणकरांचे घर, घरात बोली तेलुगू, दारात मराठी, आणि समोरच्या वेल्डिंगवाल्या भाईंशी दखनी. अंगात गंजीफ्रॉक, खाली पांढरा पायजमा, खांद्यावर आपल्याच मागावरचा टॉवेल. अशा वर्णनाचा गृहस्थ आमच्या पेठेत कोणत्याही दारात भेटेल. पण खोल्या ठरवायला गेलो त्या दिवशी त्यांनी काखेतला टॉवेल उलगडला आणि मागावर सूत नेणाऱ्या धोट्याच्या लाकडातून घडवलेली, मागाच्याच जुन्या दातेरी चाकांवर उभी असलेली, हातभर लांबीची एक वस्तू माझ्यासमोर ठेवली.

“गुरुजी, तुमी संस्कृतवाले ना?”

“होय.”

“मग हिला एक नाव द्या. भाड्याचं मागनं बघू.”

“पण ही आहे काय?”

“रणगाडा हाय. पण हितला न्हाय.”

“सीमेवरचा का?”

“लई लांबच्या सीमेवरचा,” मालक गंभीरपणे म्हणाले. “तितं सूर्य दोन हायत.”

मी हसलो नाही. समोरचा माणूस थट्टा करीत नाही हे ओळखण्याइतके वय माझे झाले होते. त्या वाहनाला मी ‘धूलिध्वज’, म्हणजे धुळीचे निशाण मिरवणारा, असे नाव दिले. मालकांनी अर्थ विचारला, शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, “जमतंय. उद्या सामान आणा.”

असे आमचे शेजारपण सुरू झाले. मालक युद्धाच्या गाड्या बांधत, आणि त्यांतली एकही या पृथ्वीवर चालण्यासाठी नव्हती. आकाशातून उडणाऱ्या वाहनांविषयी त्यांना किंचित तुच्छता होती. “उडायचं काय, कोणी पण उडंल. उतरल्यावर चालायचं कसं, ते सांगा,” असे ते म्हणत. शत्रूच्या आधी, तोफेच्या आधी, चाकाच्याही आधी त्यांना जमीन लागे. मागच्या खोलीत भिंतीला लावून पत्र्याच्या मोठ्या पराती मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक परात म्हणजे एक ग्रह होता. एकीत मैदा चाळून घातलेला, एकीत मीठ, एकीत विटांची भुकटी, एकीत आपली काळी माती भिजवून ठेवलेली. गाडीला दोरा बांधून ते ती परातीतून ओढत आणि चाक किती रुतले ते डोळा लावून पाहत. “आधी जमीन, मग गाडी,” हे त्यांचे सूत्र होते. कोणी नवखा मंगळाबिंगळाचे बोलू लागला की ते म्हणत, “पाऊस पडल्यावर काळ्या रानातनं एकदा बैलगाडी काढून दाखवा. मग बाकीच्या ग्रहांचं बोलू.”

एकदा ते एसटीने सांगोल्याला गेले आणि एका डाळिंबाच्या बागेच्या बांधावरून मुरुमाचे पोते घेऊन आले. वाहकाने विचारले, आत काय आहे. मालक म्हणाले, “ग्रह.” वाहकाने लगेजचे तिकीट फाडले. हा प्रसंग ते फार समाधानाने सांगत. सरकारदरबारी त्या ग्रहाची तेवढी तरी नोंद झाली, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे ग्रह त्यांनी स्वतःच कल्पिलेले असत, पण एकदा कल्पिला की त्याच्या नियमात तिळमात्र सूट नसे. एका ग्रहावर सतत काचेची धूळ वाहे. पोलादी चिलखत ती धूळ खरवडून टाकील, म्हणून मालकांनी त्या रणगाड्यावर सोलापुरी चादरीचा जाड अंगरखा शिवला, आत कापसाचे थर घातले आणि वर दोरे ओढून तो घट्ट केला. दुसऱ्या एका ग्रहावर प्रत्येक वस्तूचे वजन इतके भारी की माणसाला उभे राहणेच अशक्य. तेथील गाडी कासवासारखी बुटकी होती आणि आतले सैनिक आडवे पडून ती चालवीत. तिला मी ‘कमठ’ म्हणालो. तिसऱ्या एका जगात वायूच नव्हता. तेथे आवाज पोचणार नाही हे लक्षात आल्यावर मालक काही दिवस अन्नावरून उठत. मी कारण विचारले.

“हॉर्न न्हाय ओ गुरुजी तितं. हॉर्न न्हाय म्हणजे आपली माणसं गाडी चालवणार कशी?”

शेवटी त्यांनी हॉर्नच्या जागी तीन रंगांचे दिवे बसवले: एक ‘सरका’ सांगणारा, एक ‘आलोच’ सांगणारा, आणि एक नुसता राग काढण्यासाठी.

नाव मागायला ते बहुधा सकाळी माझे संध्यावंदन आटोपण्याच्या सुमारास येत. टॉवेल उलगडून गाडी पाटावर ठेवत आणि स्वतः जमिनीवर बसत. मला आरंभी मोठा उत्साह होता. एका उंच, दहा पायांच्या यंत्राला मी ‘शत्रुमर्दन’ असे नाव सुचवले.

“नको.”

“का बरे?”

“शत्रू कोण हाय ते अजून ठरलं न्हाय.”

“मालक, इतके रणगाडे बांधलेत, आणि शत्रू ठरवला नाहीत?”

“ते सरकारचं काम. माझं काम गाडीचं.” मग म्हणाले, “आणि एकदा शत्रू ठरला ना गुरुजी, की लोक गाडी नीट बघत न्हाईत.”

ते यंत्र पुढे ‘दशपाद’ झाले. बोळातल्या मंडळींना मात्र या शत्रूचा फार सोस होता. वेल्डिंगवाले भाई रोज दुकान उघडताना विचारत, “क्या मालक, तुम्हारा दुश्मन आया के नई?” मालक उत्तर देत, “रस्ते में है भाई, टेंभुर्णी तक आया बोलते.” चहाच्या गाड्यावरचे कोणी विचारी, “मालक, आज कुठल्या ग्रहावर?” तर म्हणत, “आज सुट्टी. फक्त रेल्वे लाईन्सपर्यंत.” या थट्टेचा त्यांना राग येत नसे. खरे तर त्यांना राग एकाच गोष्टीचा येई: मागे घेताना गाडी घासणाऱ्या चालकाचा. आमचा बोळ अरुंद. सुताचा टेम्पो आत शिरला की उलटाच बाहेर काढावा लागे. तेव्हा मालक हातातले काम टाकून मध्ये उभे राहत, दोन्ही तळवे हलवीत “येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा” असे म्हणत टेम्पो हमरस्त्यापर्यंत पोचवून येत. त्यांचा प्रत्येक रणगाडा जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागे येई. “पुढं जायला नुसता हुकूम पुरतो,” ते मला म्हणाले होते, “माघारी यायला गाडी चांगली लागती.”

प्रामाणिकपणे सांगतो, प्रथम मला हा सारा खटाटोप व्यर्थ वाटे. मनुष्याने देवाने दिलेली पृथ्वी सोडून न पाहिलेल्या जगांत युद्धाची तयारी का करावी? पण सहवासाने दृष्टी निवळते. आपल्या पुराणांनी प्रत्येक देवतेला तिच्या कार्याला साजेसे वाहन दिले आहे; कोणाला सिंह, कोणाला उंदीर, कोणाला मोर. मालकही तेच करीत होते. फक्त त्यांच्याकडे देवता अजून यायच्या होत्या, म्हणून वाहने आधी तयार होती. काचेच्या धुळीत किंवा वजनाखाली चिरडणाऱ्या भूमीवर कधीतरी कोणाचा तरी मुलगा उतरणार, आणि तो तेथे अडकू नये, एवढीच काळजी त्या परातींमध्ये वाहत होती असे मला दिसू लागले.

त्यांचे स्वतःचे अपत्य एकच, राजेश्वरी. लहानपणापासून दोऱ्याचे दुसरे टोक तिच्या हातात असे. वडील म्हणत, “ओढ,” आणि ती परातीच्या पलीकडून ओढी. शिकून ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागली. सकाळी रक्ताचे नमुने तपासी आणि संध्याकाळी मिठातली चाके. मी तिला थोडे स्तोत्रपाठ शिकवले. उच्चार स्वच्छ, बोलणे मोजके, आणि डोळे वडिलांचे.

तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा एक चांगले स्थळ घरी येऊन गेले. मुलाच्या आत्याला हात धुण्यासाठी मागे नेले असता तिने पराती पाहिल्या, आणि मालकांनीही तिला मोठ्या आनंदाने ‘कमठ’ चालवून दाखवला. त्या लोकांचा निरोप आला नाही. नंतर कानावर आले ते एवढेच, की मुलगी उत्तम आहे, पण वडिलांच्या डोक्याविषयी शंका वाटते. उद्या मुलांत उतरले तर काय. त्या दिवसापासून राजेश्वरीने दोरा धरणे सोडले. काही दिवसांनी जेवताना तिने वडिलांना एकच गोष्ट मागितली, आणि ती वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, मला सांगितली. पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा गाड्या आतल्या कपाटात ठेवायच्या. मालक म्हणाले, “ठेवतो.”

पुढच्या वेळी पाहुणे आले ते नवमीलाच.

मालकांच्या घरची खंडेनवमी पाहण्यासारखी असे. माग झेंडूंनी मढत, आणि त्यांच्या शेजारी मोठ्या चौरंगावर साऱ्या रणगाड्यांची मांडणी होई. पूजा सांगायला मी. पहिल्या वर्षी संकल्प सोडताना त्यांनी मला थांबवले होते. “गुरुजी, संकल्पात आपण कुटं बसलोय ते सगळं तुमी सांगता. पण ह्या गाड्यांची जागा तर तितं हाय. ते कसं?” मी विचार करून म्हणालो की पूजा वस्तूच्या गावी होत नाही, पूजकाच्या गावी होते. हे त्यांना पटले. आणि त्यांच्या घरचा एक दंडक होता: ज्या वस्तूला नवमीला कुंकू लागले, ती दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही.

पाहुणे एकादशीनंतर येणार असे ठरले होते. पण आरती आटोपून प्रसाद वाटला जात असतानाच वहिनींच्या भावाचा मोबाइल वाजला. हे मेहुणेच स्थळ आणणारे. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाची रजा अचानक रद्द झाली होती. त्याला रातोरात परतायचे होते. तेव्हा मंडळी आजच दुपारी येत होती.

“भावजी,” मेहुणे म्हणाले, “अर्धा दिवस हातात हाय. हे सगळं आत सरकवा.”

मालकांनी चौरंगाकडे पाहिले. प्रत्येक गाडीच्या कपाळी ओले कुंकू होते.

राजेश्वरी दारात उभी होती. “नान्ना,” ती वडिलांना म्हणाली, “मी एवढं एकच मागितलं होतं.”

“कुंकू लागलंय गं.”

“मला दिसतंय.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी स्पष्ट सांगितले की अडचणीच्या वेळी क्षमा मागून पूजा लवकर विसर्जित करता येते. कन्येच्या कार्यासाठी केलेल्या विसर्जनाने जगदंबा रुष्ट होत नाही. मालकांनी हात जोडले.

“तुमचं शास्त्र मोठं असंल गुरुजी. पण माझ्या बापानं लग्नसराईतली ऑर्डर सोडली, नवमीला माग हलवला न्हाय. आता मी हलवू?”

राजेश्वरी आत निघून गेली. मेहुण्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांना सुचले ते असे: गाड्या हलवायच्या नाहीत ना? मग झाकू. मागाजवळची एक मोठी चादर आणून त्यांनी साऱ्या चौरंगावर पांघरली. समईचे काय, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, “नवमीचा दिवा घालवायचा नाही. तो राहू दे.” दिवा राहिला. चादरीवर पडलेली फुलेही राहिली.

यातून काय होणार हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही, आणि ते तसे सरळच होते. पाहुणे आले: मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा सैन्यात वाहनचालक होते आणि निवृत्तीनंतर माळशिरसकडे एका कारखान्याच्या वाहनांची देखभाल करीत. मागांच्या खोलीतूनच घरात शिरावे लागे. मागांना हात जोडत तिघे पुढे आले, आणि समोर फुले, तेवती समई व तिच्यामागे चादरीखाली काहीतरी मोठे पाहून तिघेही चपला काढून थांबले.

“देव झाकलाय व्हय?” मामांनी विचारले.

“ते जरा... रंगकाम चाललंय,” मेहुणे म्हणाले.

“नवमीला रंगकाम?” मुलाच्या आईने भुवया उंचावल्या. वहिनी पाण्याचे तांबे घेऊन आल्या होत्या. “पाणी घेते की. पण आधी दर्शन होऊ द्या. सकाळपासून देवीपुढं गेले नाही मी, सगळा वेळ गाडीत गेला.”

नवमीच्या दिवशी दारी आलेल्या सुवासिनीला दर्शन नाकारणे कोणाला शक्य आहे? मेहुणे माझ्याकडे पाहत होते, मी वहिनींकडे. मालक पुढे झाले आणि त्यांनी चादर उचलली.

मुलाच्या आईचे हात जोडण्यासाठी उचललेले होते. ते तसेच अर्ध्यावर राहिले. “ह्या... गाड्या आहेत?”

“रणगाडे,” मालक म्हणाले. “पण हितले न्हायत.”

“छंद हो छंद,” मेहुणे घाईने म्हणाले. “फावल्या वेळचा.”

“फावल्या वेळात मी टॉवेल विणतो,” मालक म्हणाले.

आतल्या दाराशी राजेश्वरी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे छातीशी घट्ट धरला.

मामांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि चौरंगासमोर उकिडवे बसले. मग त्यांनी ‘धूलिध्वजा’कडे बोट केले.

“हितली न्हाय म्हणता. मग तितं जमीन कसली हाय?”

मालकांचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. इतक्या वर्षांत कोणीही हा प्रश्न पहिला विचारला नव्हता. तेही उकिडवे बसले. “पिठासारखी. पाय ठेवला की घोट्यापातूर.”

“मग रुंद पट्टा बरोबर हाय. पट्टा तुटला तर?”

“बदलायचा.”

“बदलायला गाडी उचलाय लागंल. जॅक कुटं लावणार?”

मालकांनी गाडीच्या पोटाखालची जागा दाखवली. मामांनी मान हलवली.

“पिठात जॅकच खाली जातोय, गाडी वर येत न्हाय. आमी वाळूत जॅकखाली फळी घालायचो. फळीबिगर मी गाडी काढतच नव्हतो. तुमच्यात फळी कुटं हाय?”

मालकांनी ‘धूलिध्वजा’कडे पाहिले, मग ‘कमठा’कडे, मग ‘दशपादा’कडे. एकाही गाडीत फळी नव्हती. चालत्या गाडीखालच्या जमिनीचा त्यांनी आयुष्यभर विचार केला होता. मोडून थांबलेल्या गाडीखालीही तीच जमीन असते, हे राहून गेले होते. पाहुणे, मेहुणे, लग्न, सारे त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेलेले मला स्पष्ट दिसले. त्यांनी हात पुढे केला.

“गुरुजी, सकाळी म्हणलात तसं करा. क्षमा मागा आणि सोडवा हिला. आत्ता लगेच. फळीला जागा बघाय पाहिजे.”

“जॅकसाठी हलणार होय त्या, नान्ना?”

राजेश्वरी बाहेर आली होती. आवाज चढलेला नव्हता. “सकाळी माझ्यासाठी हलत नव्हत्या.”

मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगा आपल्या आईकडे पाहत होता आणि आई राजेश्वरीकडे. मालकांचा हात गाडीवर होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि बोटांना लागलेल्या कुंकवाकडे पाहत राहिले.

मग ते गुडघ्यावर हात रोवून उठले. “गुरुजी, म्हणा,” ते म्हणाले.

मी अक्षता वाहिल्या, क्षमा मागितली आणि देवीला पुन्हा येण्याची विनंती करून विसर्जनाचे शब्द म्हटले. मालकांनी ‘धूलिध्वज’ उचलला. मला वाटले ते कामाच्या खोलीकडे वळतील. पण ते राजेश्वरीजवळून आतल्या खोलीत गेले, कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला, आणि ते रिकाम्या हातांनी परत आले. त्यांनी ‘कमठ’ उचलला.

“अवो, आमी बघितल्या की सगळ्या,” मामा न राहवून म्हणाले. “आता लपवून काय उपेग?”

“तुमच्यासाठी न्हाय ओ,” मालक म्हणाले. “हिच्यासाठी सकाळी हलवायच्या राहिल्या होत्या.”

आणि ते एकेक गाडी आत नेऊन ठेवीत राहिले. खोलीत सारे उभे होते, आणि एक वृद्ध माणूस सर्वांनी पाहिलेली वस्तू सर्वांदेखत लपवीत होता. ‘दशपाद’ अवजड होता. त्याचे पाय चादरीत अडकले तेव्हा राजेश्वरीने ट्रे खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूने धरला. “हळू, नान्ना,” ती म्हणाली, “पाय मोडेल त्याचा.” दोघे मिळून तो घेऊन आत गेले, आणि परत यायला त्यांना थोडा वेळ लागला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि कपाटाची किल्ली तिच्या मुठीत होती.

कॉफी निवली होती. ती पुन्हा गरम झाली. मामांच्या मनातून मात्र फळी जात नव्हती. बशीत कॉफी ओतता ओतता ते म्हणाले, “पण मालक, ती फळी जर बाजूला आडवी—”

“आज न्हाय मामा,” मालक म्हणाले. “आज पोरीचं बोला.”

असे म्हणणे त्यांना किती जड गेले हे मी जाणतो, कारण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांचे बोट गुडघ्यावरच्या पायजम्यावर सारखे एक आडवी रेघ ओढत होते. पण सारी दुपार त्यांनी तो विषय काढला नाही. मुलाला नोकरीचे विचारले, आईला गुडघेदुखीचे विचारले, शेंगाचटणी कोणाच्या हातची ते सांगितले. इतर घरांतले वडील जे सहज करतात ते त्यांनी त्या दिवशी मोठ्या कष्टाने केले.

निघण्यापूर्वी मुलाच्या आईने राजेश्वरीला जवळ बसवून घेतले. “तू आमच्याशी पण असंच तोंडावर बोलशील काय गं?”

“तुमचं चुकलं तर बोलेन,” राजेश्वरी म्हणाली. “माझं चुकलं तर तुम्ही बोला.”

त्या बाईंनी भावाकडे पाहिले. मामा म्हणाले, “ही गाडी मागं पण नीट चालती, अक्का. घेऊन टाका.” त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि मुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, त्याने पहिल्यांदा मान वर करून राजेश्वरीकडे पाहिले.

पाहुणे गेल्यावर चौरंग रिकामा होता. समई तेवत होती. मालक तिच्यासमोर बसले. “गुरुजी,” त्यांनी विचारले, “पूजा मोडली का माझी?”

“मोडली नाही, मालक,” मी म्हणालो. “जिची होती तिला पोचली.”

त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. बापाचा दंडक मोडल्याचे दुःख त्यांना होते आणि ते मी शास्त्राने पुसू शकत नव्हतो. पुसायचा यत्नही मी केला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पाने द्यायला खाली उतरलो. मालक परातींपुढे बसले होते, हात मांडीवर ठेवून, नुसतेच. कपाट बंद होते आणि किल्ली त्यांनी मागितली नव्हती. मी तेथे असेपर्यंत तरी ते मागणार असे दिसत नव्हते. राजेश्वरी आंघोळ करून आली. तिने कपाट उघडले, ‘धूलिध्वज’ काढून वडिलांच्या पुढ्यात ठेवला, आणि मैद्याच्या परातीपलीकडे बसून दोऱ्याचे टोक हातात घेतले.

“लावा फळी,” ती म्हणाली. “मी धरते.”

वाचकहो, उद्या दसरा आहे. आपल्या घरची चाके, यंत्रे, चूल आणि लेखणी यांवर जगदंबेची दृष्टी राहो. घरातून दूर गेलेला प्रत्येक जण, मग तो कितीही परक्या जमिनीवर असो, सुखरूप माघारी येवो. आपल्या लेकीबाळी जे एकदाच आणि हळू आवाजात मागतात, ते आपणास वेळेवर ऐकू येवो. आणि उशीर झालाच, तर भरल्या घरात, सर्वांदेखत, उठून ते करण्याचे बळ श्रीसिद्धरामेश्वर आपल्या गुडघ्यांत देवो. आपल्या घरी पाणी भरलेले आणि दिवा तेवता राहो.